आज्यानं नेलेलं पाकीट

खोतानं ओटीवरून पाकीट खाली टाकलं. मी तेव्हा आठ वर्षांचा. वाऱ्यानं ते माझ्याकडं आलं नि मी वरच्या वर धरलं.

"झेलतोस काय रे? पडू दे भुईवर, मग उचल. म्हाताऱ्या, शिकव पोराला."

आज्यानं माझ्या हातातलं पाकीट काढून घेतलं. भुईवर ठेवलं. मग वाकून परत उचललं. "जोहार मायबाप," म्हणाला. मला राग आला तो आज्याचा. खोताचा नाही. तेवढीच अक्कल होती.

तालुक्याच्या कचेरीतून गावचं सरकारी टपाल आणायचं नि खोताचा जबाब परत पोचवायचा, हे आम्हा महारांचं काम. जायला दहा मैल, यायला दहा. शिमगा तोंडावर आलेला, कातळ भाजत होता. बाप इंग्रजांच्या पलटणीतनं समुद्रापार बसऱ्याच्या लढाईवर गेला तो आलाच नव्हता. मेल्याचीही खबर नाही. आई रोज कुंकू लावायची, पण लावताना तिचा हात अडायचा. वाटेत आजा म्हणाला, "ह्याच पिशवीत एक दिस तुझ्या बापाचा कागद येल."

काही वर्षांनी आजा वारला. पिशवी माझ्या खांद्यावर आली. शाळेच्या पडवीबाहेर बसून मी वाचायला शिकलो होतो, पण पाकिटं लाखेनं बंद असत. मग बापाच्या पलटणीतला एक जुना शिपाई भेटला.

"मुंबईला बोटीतनं उतरवताना बघितला मी त्याला. डोक्याला मार होता. सरकारनं गावाला लिवलंच असंल. कचेरीत विचार."

कारकुनानं दोन खेपा हाकललं. तिसऱ्या खेपेला जुनं दप्तर सोडलं, कागद पायरीवर ठेवला. "शिवू नको. लांबून वाच."

वाचलं. मुंबईच्या इस्पितळात एक शिपाई आहे, गावाचं नाव तेवढं सांगतो. बेपत्ता म्हणून नोंदलेला तो हाच का, ओळख पटवायला घरचं माणूस पाठवा. पुढं बापाचं नाव. त्याखाली खोताचा जबाब: गावी चौकशी केली, नातलग कोणी आढळत नाही. तारीख मी आठ वर्षांचा होतो त्या सालची, शिमग्याच्या आदल्या आठवड्यातली.

तेच पाकीट. मी झेललेलं.

चौकशी केली म्हणे. कुणाकडं केली? आजा समोर अंगणात उभा होता. मीही होतो. एक शब्द विचारायचा होता. आमच्याशी बोलायचं ते फक्त उचल म्हणायला. नि माझ्या बापाला बेवारस करणारा कागद त्याच्या बापानंच अनवाणी पोचवला.

"पुढं त्याचं काय झालं?" मी कारकुनाला विचारलं.

"कागदात नाही."

आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. कुंकवाची डबी पदरात धरून म्हणाली, "आधी शोध त्यांना."

सकाळी खोतानं ओटीवरून पाकीट टाकलं. मी पडू दिलं. वाकलो नाही.

"उचल."

"आत काय लिवलंय ते आधी वाचून दाखवा."

तो ओरडला नाही. सावकाश पान खाल्लं नि म्हणाला, "तुमची घरं गवतानं शाकारलेली आहेत. विसरू नको."

विसरलो नाही. आईला मामाकडं पोचवलं नि मुंबईची वाट धरली. बाप जिता असो की मेलेला, त्याला नातलग आहे हे त्या दप्तरात लिहून घेईन. नि न वाचलेला कागद ह्यापुढं माझ्या खांद्यावरून जाणार नाही.