अर्धा कोयता

"अहो, सोपान गुरुजी वारले," सुमन म्हणाली. मोबाईल अजून तिच्या कानालाच होता. मी नुकताच पाटाच्या, म्हणजे कालव्याच्या, कडेनं पळायचा व्यायाम करून आलो होतो आणि ओट्यावर चहा पीत बसलो होतो. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कोण म्हणतं?"

"मंदाताई बोलत्यात. तिथंच हायेत त्या."

"त्यांनी स्वतः बघितलं का?"

सुमननं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर अजून माझ्या पाठीवर आहे. माणूस मेल्याच्या बातमीलाही मी साक्षीपुरावा मागत होतो. पण काय करणार? एसटीत तिकीट तपासनीस म्हणून जन्म काढला. गाडीत चढलो की झोपेचं सोंग घेतलेला कोण आणि खरा झोपलेला कोण, हे मला पापण्यांवरून कळायचं. रिटायर झालो तरी डोळे रिटायर होत नाहीत. देवळालीत मला अजून सगळे चेकरसाहेबच म्हणतात, आणि ते प्रेमानं म्हणतात याबद्दल मला शंका आहे.

गुरुजी जाऊन आता पाच आठवडे झाले. त्यांच्याबद्दल चांगलं बोलणारे पुष्कळ आहेत, शोकसभेत बोलूनही झालं. मला वेगळंच सांगायचंय. त्या दिवशी पहाटे गुरुजींच्या दारावर जाऊन थाप मारायचं काम माझं होतं. ते मी केलं नाही. का केलं नाही, हे सांगायचं तर सुरुवातीपासून सांगावं लागेल…

गुरुजी मूळचे पाथर्डीकडचे. आईवडील ऊसतोडीला यायचे, त्यामुळे दिवाळीनंतरचं सगळं बालपण आमच्या भागातल्या उसाच्या फडात आणि पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, गेलेलं. तशातून शिकले, प्राथमिक शाळेत मास्तर झाले आणि बदली होऊन देवळालीत आले ते इथलेच झाले. बायको लवकर गेली, मुलगी लता लग्न होऊन पाथर्डीला. गुरुजी दोन खोल्यांत एकटे. निवृत्त झाल्यावर त्यांनी पाटाच्या कडेच्या रस्त्यावर लोकांना पहाटे पळवायला सुरुवात केली. फी नाही, पावती नाही, बॅनर नाही. इथंच माझा कान टवकारला. फुकट कोण कशाला पळवतंय हो? कुठंतरी पाणी मुरत असणार.

पहिला संशय नगरपालिकेचा. निवडणूक जवळ आली की अशा समाजसेवेला पालवी फुटते, हे मी आजवर बघत आलोय. निवडणूक आली नि गेली, गुरुजींनी फॉर्म भरला नाही. मग दुसरा संशय पावडरीचा. आमच्याकडे सध्या जो तो वजन कमी करायची पावडर विकतोय. आधी योगा शिकवतात, मग चहा पाजतात, आणि तिसऱ्या दिवशी डबा काढतात. मी सुमनला बजावलं, "डबा निघाला की मला सांग." कारण ती एव्हाना मंदाताईंबरोबर जायला लागली होती. मंदाताईंची पिठाची गिरणी आहे. दोघी साडीवर बूट घालून अशा निघायच्या की मला गल्लीत मान वर करायला लाज वाटायची. पण महिन्याभरात सुमनचे गुडघे दुखायचे थांबले, आणि माझी शुगर मात्र वाढत चालली. डॉक्टर म्हणाले, "चाला, पळा, काहीतरी करा." आता डॉक्टर आणि गुरुजी आतून एक आहेत की काय, असंही माझ्या मनात आलं. मी खोटं लिहीत नाही, खरंच आलं.

मग एका पहाटे मी गेलो. तपासायलाच गेलो म्हणा ना. पाटाच्या पुलावर वीसेक माणसं उभी होती आणि गुरुजी ओरडत होते, "बोला, किती कोयते?" ऊसतोडीत मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. एकटा आला तर तो अर्धा कोयता. गुरुजींनी तोच हिशेब पाटावर आणला होता. दोघादोघांची जोडी म्हणजे एक कोयता. जोडीतला जो सावकाश, त्याच्या वेगानं दोघांनी पळायचं. आणि सगळ्यात मोठा नियम असा की, जोडीदार आला नाही तर दुसऱ्यानं पुलावर यायचंच नाही. सरळ त्याच्या घरी जाऊन दार वाजवायचं. ताप असला तर विचारपूस करायची, आळस असला तर उठवून आणायचं. अर्ध्या कोयत्याची हजेरी नाही.

मला ही हेरगिरीच वाटली. एकमेकांच्या घरात डोकवायची सोय! मी तसं बोललोही. गुरुजी हसले. "साहेब, तुमी आज आलात आनि माणसं विषम झाली. मला बी जोडीदार न्हाई. आपला कोयता."

वीस माणसांतून यांना मीच बरा सापडलो. हा तिसरा संशय, आणि हा मात्र शेवटपर्यंत गेला नाही.

आता एक कबूल करतो. मजा आली. रविवारी पळणं अर्धंच असायचं आणि नंतर पुलापलीकडच्या मोकळ्या रानात आट्यापाट्या. साठीच्या मंदाताईंनी मला पाटीवर दोनदा धरलं आणि वर म्हणाल्या, "काय चेकरसाहेब, इनातिकीट निघालात व्हय!" सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. हरलेल्या बाजूनं पेरू आणायचे. देवळालीतला सराफ आणि त्याच्याच दुकानात हमाली केलेला माणूस एका पेरूचे दोन तुकडे करून खाताना मी तिथं पाहिलेत. माझी शुगर उतरली, पँटी ढिल्या झाल्या, आणि सोनईला भाच्याच्या लग्नात पंगतीत खाली मांडी घालून बसलो. कित्येक वर्षांत बसलो नव्हतो.

तरी जित्याची खोड ती. एकदा गुरुजी बायकांना लंगडी शिकवत होते आणि त्यांची कापडी पिशवी बाभळीला टांगलेली होती. मी पिशवी उघडली. होय, उघडली. आत पाण्याची बाटली, मोज्यांचा जोड, गुळाचे खडे आणि एक बारीक गोळ्यांचं पाकीट. मला वाटलं, सापडला! पावडर नव्हे, गोळ्या! नमुना म्हणून आणल्यात, आता वाटणार आणि मग विकणार. मी चार जणांच्या कानात ते सांगितलंसुद्धा. गुरुजींच्या कानावर ते गेलं असेलच, गाव केवढंसं. ते मला एका अक्षरानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फक्त म्हणाले, "साहेब, तुमची नजर लई बारीक हाय." मला तो टोमणा वाटला.

त्यानंतर मला जाणवायला लागलं की गुरुजी पळताना थांबतात. पुढं असायचे ते मागं राहायला लागले. कधी म्हणायचे, "साहेब, त्यो बगळा बघा." कधी म्हणायचे, "पाटाला पानी कमी सोडलंय का हो अवंदा?" मी बगळा बघायचो. हळूहळू माझ्या लक्षात आलं, म्हणजे मला वाटलं की लक्षात आलं, हा माणूस माझ्यासाठी थांबतोय. मी म्हातारा, शुगरवाला, म्हणून माझ्यावर दया करतोय. माझं डोकंच फिरलं. नगरला शहरातल्या एका मंडळानं पाच किलोमीटरची दौड ठेवली होती, आम्ही टेम्पो करून सगळे गेलो. आमचे कोयते जोडीजोडीनं हात धरून शेवटच्या रेषेवर पोचत होते, लोक टाळ्या वाजवत होते. सगळ्यांत शेवटी आम्ही. वाटेत गुरुजी पाच वेळा थांबले. मी मोजलं.

परतताना टेम्पोत सगळ्यांसमोर मी म्हणालो, "गुरुजी, मला तुमची दया नको. उद्यापासून तुम्ही दुसरा जोडीदार बघा."

टेम्पोतली गाणी थांबली. गुरुजींनी तोंड बाहेर उसाकडे फिरवलं. मग म्हणाले, "दुसरा कोन हाय मला, साहेब?… उद्या या."

मी गेलो, पण बोललो नाही. तीन दिवस आम्ही शेजारी शेजारी मुक्यानं पळालो. चौथ्या दिवशी गुरुजी, आम्ही दोघं रोज भेटायचो त्या कोपऱ्यावर आले नाहीत.

सव्वापाच वाजले होते. तिथून त्यांचं घर किती लांब? दोन गल्ल्या. नियम मला पाठ होता. पण मनात काय आलं, सांगू? मनात आलं, परीक्षा बघतायत माझी. मी आपण होऊन दारात यावं, म्हणजे माझी खोड जिरली, असं यांना वाटतंय. बसा म्हणावं वाट बघत. आणि मी एकटाच पुलावर गेलो. मंदाताईंनी विचारलं, "गुरुजी कुठं?" मी म्हणालो, "येतायत मागनं." सगळा जन्म लोकांचं खोटं पकडण्यात गेला आणि त्या दिवशी मी बोललेलं खोटं पकडायला तिथं कुणी नव्हतं. मी तसं बोललो नसतो तर दुसरं कुणीतरी गेलं असतं. हे मला रोज आठवतं. रोज.

आठ वाजता दूध द्यायला गेलेल्या घरमालकिणीला ते दिसले.

लोक मला समजावतात की ते पहाटे झोपेतच गेले, कुणी काही करू शकलं नसतं. माझा विश्वास नाही. मी पोचलो तेव्हा गुरुजींच्या अंगात पळायचा टी-शर्ट होता आणि एका पायात बूट. झोपलेला माणूस बूट घालतो का? ते उठले होते, निघाले होते. त्यानंतर किती वेळ होता, कुणालाच माहीत नाही. डॉक्टर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका." मी त्यांच्या पापण्यांकडे बघत होतो…

मग गावात कुजबुज सुरू झाली. या वयात पळायची काय गरज होती, पळण्यानंच गेले. पुलावरची माणसं विसाची सहा झाली. मी तर जाणंच सोडलं होतं. आणि मग, दशक्रियेनंतर, लता खोल्या आवरायला आली आणि तिनं मला बोलावून घेतलं. मी घाबरत गेलो. हिला कळलंय, ही जाब विचारणार, याची माझी खात्री होती. तिनं चहा केला. कपाटातून कागदांची पिशवी काढली. त्यात डॉक्टरांचे रिपोर्ट होते, आणि तेच गोळ्यांचं पाकीट.

"ह्या छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळ्या, काका. दीड वर्षापासनं हुत्या. डॉक्टरांनी सांगितलं हुतं, पळा पर हळू, दम लागला की थांबा."

काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी ते पाकीट हातात धरून बघितलं होतं. बगळा दाखवला तेव्हा ते छाती दाबून उभे होते आणि मी बगळ्याकडे बघत होतो. ते माझ्यासाठी थांबत नव्हते. त्यांना माझी गरज होती.

"कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं. त्याही वेळी मला राग आला होता.

"सांगितलं असतं तर समदे पळायचे थांबले असते. मी त्यांना म्हनले, बाबा, एकटे राहता, मला भ्या वाटतं. तर बाबा म्हनले, काळजी करू नको. मुद्दाम चेकरसाहेबांना जोडीदार घेतलंय. लई संशयी माणूस हाय. एक दिवस मी कोपऱ्यावर दिसलो न्हाई तर पहिला संशय त्यालाच येईल, दार तोडून आत येईल. तोडायला नको म्हनून मी कडीच लावत न्हाई पहाटं उठलो की. नुसतं लोटून ठेवतो."

मी चहाचा कप खाली ठेवला. मी तिला सगळं सांगितलं. कोपरा, दोन गल्ल्या, पुलावर बोललेलं खोटं, सगळं. ती ऐकत होती. खाली गल्लीतून भाजीची हातगाडी ओरडत गेली. मग ती उठली आणि कप उचलत म्हणाली, "मला ठाऊक हाय, काका. मंदाताईंनी सांगितलं. म्हनूनच बोलावलं." आणि पुढं म्हणाली, "तुमी पळायचं थांबलात असं कळलं. बाबांना ते आवडलं नसतं." तिनं मला माफ केलं का, हे मला अजून कळलेलं नाही, आणि विचारायची माझी छाती नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी पुलावर जातो. आधी गेलो तो यायचं थांबलेल्या चौदा जणांच्या दारांत. गुरुजींना काय होतं आणि डॉक्टरांनी काय सांगितलं होतं, हे एकेकाला बसवून सांगितलं, आणि मी काय केलं तेही सांगितलं. काहींनी दार लावून घेतलं. आठ जण परत आले. माझा जोडीदार म्हणून आता सराफ आहे. माझ्याकडे तो जरा बिचकूनच बघतो, आणि त्याचं बरोबर आहे.

पहाटे पाचला उठलो की मी आमच्या दाराची वरची कडी काढतो, मग खालची, आणि दार नुसतं लोटून ठेवतो. सुमन म्हणते, "आता चोरांनाच आवतन द्या." मला भीती वाटते, खोटं कशाला सांगू? दाराकडे पाठ करून मला चहासुद्धा पिववत नाही, खुर्ची फिरवून मी दाराकडे तोंड करून बसतो, आणि बाहेर जरा खुट्ट झालं की काठीकडे हात जातो. पण कडी लावत नाही.