पाठ फिरवून दिलेला पहिला नंबर

गुंद गावातल्या बाळीअक्काला कंद कळतो, हे जोयडा तालुक्यात कुणाला सांगावं लागत नाही. दर हिवाळ्यात जोयड्याला कंदांचा मेळा भरतो. डोंगरातल्या वाड्यांवरनं कणगर, कोनफळ, सुरण टोपल्यांनी येतात आणि नंबर काढायला बाळीअक्का बसते. अठरा वर्षं झाली. तिची रीत ठरलेली. लोक कंद मांडत असताना ती भिंतीकडं तोंड करून बसते. कुणाची टोपली कुठली, हे तिला दिसता कामा नये. सगळे मांडून बाजूला झाले की ती वळते, एकेक कंद हातात तोलते, अंगठ्याच्या नखानं साल खरवडते, वास घेते आणि बोलते. बोलली की परत घेत नाही.

एका साली तिनं एक कोनफळ उचललं आणि म्हणाली, "ह्यो कंद न्हवं, पाण्याची पिशवी हाय." ठेवलं सगळ्यांत खाली. ते सख्ख्या भावाचं निघालं. भाऊ दोन वर्षं तिच्या दारात आला नाही.

"न्हाई तर न्हाई," अक्का म्हणाली. "त्येला भाऊ म्हणून वर बसवला असता तर फुडल्या साली माझ्याफुडं टोपली कोण ठेवला असता?"

ह्या एका नावापलीकडं तिच्याजवळ मिरवण्यासारखं काही नाही. भाताचा एक तुकडा, चार फणसाची झाडं, गोव्यात गाडी चालवणारा पोरगा आणि घरात सून राखी. पण बाळीअक्काचा निवाडा म्हटलं की उळवीपर्यंत माणसं मान डोलावतात. तेवढ्यासाठी ती जगते म्हटलं तरी चालेल.

तर यंदा काय झालं, आमच्या पुंडलिक मास्तरांनी संगीत नाटक लिहिलं. मास्तर निवृत्त झाल्यापासून वाईट विचार करायला त्यांना वेळ मिळतो. नाटकाचं नाव 'सातवा पेला'. एका मोठ्या घरातली सून सासरच्या सात माणसांना एकेक करून कशायातनं विष घालते. कशाय म्हणजे धने-जिऱ्याचा काढा, आमच्याकडं चहापेक्षा जास्त तोच चालतो. मेलेला माणूस गप पडत नाही, परत येऊन गातो. शेवटचा पेला सासूचा.

कारवारच्या एका मंडळाची स्पर्धा होती आणि तिची अट चमत्कारिक होती. पडदा नको, वाडा नको, विहीर नको. सगळ्यांनी माईकपुढं ओळीनं उभं राहून नाटक गायचं, त्याचं चित्रीकरण करायचं आणि त्यातला सगळ्यांत सरस कलाकार गावानंच निवडून बेळगावच्या शेवटच्या फेरीला पाठवायचा.

शाळेत चित्रीकरण झालं तेव्हा बाळीअक्का उळवीच्या जत्रेला गेली होती. पेला प्यायला की माणसानं एक पाऊल मागं सरकायचं, म्हणजे तो मेला, असं मास्तरांनी बसवलं होतं. लखूला ते पटलं नाही. लखू म्हणजे बाळीअक्काचा शेजारी. त्याच्या कणगराला अक्कानं चार वर्षं तिसरा नंबर दिलेला. "मेलेला मानूस उभा कसा गा मास्तर? निदान टेकून तरी उभा करा," म्हणाला. त्याचा मेव्हणा महाबळेश्वर सासऱ्याचं काम करत होता आणि दुसऱ्याच पेल्याला मागं सरकत होता, हे खरं दुखणं.

नंबर कुणी काढायचा ह्यावर पंचायतीच्या हॉलात दोन सांजा गेल्या. गुंदात जो तो कुणाचा तरी मामा, नाहीतर साडू. शेवटी मास्तर म्हणाले, "बाळीअक्का."

"तिची सूनच मोठ्या कामात हाय की," कुणीतरी म्हणालं.

ह्यावर लखूच हसला. "बाळीअक्का सुनंला पहिला नंबर देईल तवा सुपा धरण उलटं व्हाईल. बसवा तिलाच."

अक्काला विचारायला मास्तर गेले तर ती ओसरीवर सुरणाची बेणं निवडत होती.

"मला गाण्यातलं काय कळतंय?"

"कंद कळतो ना? वरनं एक, आतनं एक. तसंच हे."

अक्कानं आत बघून विचारलं, "राखे, तुझं काय काम हाय गे त्या नाटकात?"

आतनं डास गुणगुणल्यासारखा आवाज आला. "मागं उभं ऱ्हायचं हाय, आत्ती."

"मग काय हरकत न्हाई. मागं उभं ऱ्हायला नंबर नसतोय."

मास्तर वाशाकडं बघत राहिले आणि तसेच उठले.

राखीचा हा आवाज कुठनं आला तेही सांगायला पाहिजे. सहा वर्षांमागं लग्न होऊन ती घरात आली, चुलीपाशी जाऊन "पाणी कुठं हाय?" असं तिनं विचारलं आणि अक्का म्हणाली, "आवाज खाली. हे घर हाय, रान न्हवं." तेव्हापासून घरात राखीचा आवाज खाली. तो वर यायचा रानात. भात पोटरीला आलं की वांदरांच्या टोळ्या उतरतात. त्यांना हाकलताना राखी जी आरोळी ठोकायची, ती ऐकून सायकलवरचे मास्तर एकदा ओढ्यात उतरले होते. नाटकातली सून त्यांनी तिथंच, ओल्या धोतरात, पक्की केली.

रविवारी सकाळी हॉल भरला. टीव्ही लावायला रामनगरचा विनायक आला होता. चित्रीकरण त्याचंच. एरवी तो लग्नाचे व्हिडिओ करतो. राखी आणि आशा कार्यकर्ती अनुसया कशायाचे पेले फिरवत होत्या. अक्का आली, खुर्ची उचलली आणि टीव्हीकडं पाठ करून, भिंतीकडं तोंड करून बसली.

"अक्का, टीव्ही इकडं हाय," विनायक म्हणाला.

"म्हाईत हाय. मी त्वांड बघून नंबर देत न्हाई. कुणी नाव घ्यायचं न्हाई. घेतलं की मी उठून जाईन."

"पण मी एवढं चित्रीकरण केलंय, त्याचं काय?"

"ते तुम्ही बघा. मी ऐकतो." आमच्याकडच्या बायका 'ऐकते' म्हणत नाहीत. ज्याला खटकेल त्यानं जोयड्याला येऊन सांगावं.

नाटक सुरू झालं. अक्काच्या मांडीवर गुण मोजायला चिंचोके. पहिला पेला दिराचा. दिरानं लांबलचक तान घेतली. "धागं लई," अक्का भिंतीला म्हणाली. "दातात अडकतंय."

दुसरा पेला सासऱ्याचा. महाबळेश्वर गळा काढून रडत मेला आणि सगळा हॉल खो खो हसला.

अक्कानं हात वर केला. "थांबवा. काय झालं?"

"सासरा मेला," मास्तर म्हणाले.

"मग हसताय का?"

सगळ्यांनी मास्तरांकडं बघितलं. शेवटी मास्तरच खालच्या आवाजात म्हणाले, "वरनं गुलाब पडले."

"मढ्यावर?"

"माझ्या कॉम्पुटरात लग्नाचंच सामान हाय," विनायक म्हणाला. "मोकळं मोकळं वाटत हुतं, म्हणून घातलं."

"बघा," अक्का म्हणाली, "म्हणून मी पाठ करून बसतो. चालू करा. ह्यो सासरा वरनं मोठा, आतनं पोकळ. दोन चिंचोके."

लखूनं घसा खाकरला. महाबळेश्वर चपला शोधायला लागला.

मग एकेक पेला संपत गेला. प्रत्येक मरणाला विनायकानं काही ना काही घातलं होतं. नवऱ्यावर चांदण्या पडल्या, आणि नणंद दोन बदामांच्या मधोमध मेली. लोक तोंडावर पदर-रुमाल धरून बघत होते. अक्का मात्र तिसऱ्या पेल्यापासून बोलायची थांबली होती. नाटकातल्या सुनेचा आवाज आला की तिची मान वाकडी व्हायची, कोंबडी ऐकते तशी. आणि शेवटी सातवा पेला आला.

*प्या हो आत्ती, ऊन कशाय,*
*धन्या-जिऱ्याचा वास हाय,*
*सहा जणांनी सांगितलं न्हाई,*
*चव कशी ती सांगून जा बाय.*

नाटक संपलं तरी अक्का वळली नाही. मग तिनं मांडीवरचे सगळे चिंचोके ओंजळीत घेतले.

"पेला देणारी," ती म्हणाली. "हे सगळं तिला. ह्यो कंद खरा. बाकीची त्वांडानं गात्यात, ही पोटातनं गाती. ह्या बायच्या पोटात सहा-सात वर्सांचं काहीतरी मुरलंय. ती 'सांगून जा बाय' म्हणाली तवा माझ्या घशाला कोरड पडली. हिच्या घरात सासू असली तर तिला कुणीतरी सांगा, जपून जेव म्हणावं."



"सांगून झालं की अक्का," लखू म्हणाला. "आत्ताच. तूच सांगितलीस."

अक्का वळली. टीव्हीवर विनायकानं शेवटचं चित्र थांबवून ठेवलं होतं. मोठा लाल बदाम, त्यात राखीचं तोंड, भोवती गुलाब. आणि दारात पेल्यांचं ताट धरून तीच राखी उभी.

मग जो हशा उठला तो बाहेर रस्त्यावर बसवाल्यानं ऐकला. अक्का हसली नाही. तिला लखूचं तोंड दिसत होतं, आणि ते हसणारं नव्हतं.

"अठरा वर्सं आम्हाला भिंत दाखवलीस," लखू उभा राहून म्हणाला. "आणि आज घरातच नंबर दिलीस न्हवं? म्हणून माझा कणगर तिसरा! कुणाचं कुठलं ते तुला आधीच ठावं असतंय."

"मला हिचा आवाज कळला न्हाई, लखू."

"सहा वर्सं एका छपराखाली ऱ्हाऊन? हे वांदरांना सांग. त्येंना बी राखीचा आवाज कळतोय."

हे खरं होतं आणि म्हणून कुणी हसलं नाही. मागच्या बाकावर कुजबूज सुरू झाली. अठरा मेळ्यांतले कंद लोक मनातल्या मनात परत उकरायला लागले. मास्तर पुढं वाकून म्हणाले, "अक्का, दुसऱ्या नंबरला पहिला करू. अनुसयानं सासूचं काम चांगलं केलंय. तुझं नाव राहील."

"अनुसयाचा आवाज वल्ला हाय. तिला एक चिंचोका दिला असता, त्यो बी किडका."

अनुसयानं ताट जरा जोरातच खाली ठेवलं.

अक्का खुर्चीवरनं उठली. "मेळ्यात कुणी तक्रार केली तर काय करतोय आम्ही?"

"उकडतोय," दोन-तीन जण म्हणाले. भांडण झालं की कंद तिथंच उकडतात आणि पहिला घास तक्रार करणाऱ्यानं खायचा. खाऊन तोच सांगतो.

"मग उकडा. राखी हितं म्हणेल. सगळे पाठ करून बसा. लखू नंबर देईल. त्यानं न्हाई म्हटलं तर फुडल्या सालापासनं मेळ्यात खुर्चीवर लखू बसंल, मी टोपली घेऊन येतो."

लखूला हे नाकारता येईना. खुर्च्या करकरत फिरल्या. सगळा हॉल भिंतीकडं तोंड करून बसला. लखूनं राखीच्या ताटातला वाफाळता पेला उचलला, रुबाबात भिंतीसमोर बसला. अक्का तेवढी उलटी फिरली नाही. ती राखीसमोर उभी.

"आत्ती, सगळं म्हणू?" डासाचा आवाज.

"सगळं. माझ्याकडं बघून म्हण."

राखीनं ताट बाजूला ठेवलं. पदर खोचला. आणि मग वांदरं हाकलायचा तो आवाज चार भिंतींच्या आत सुटला. माईक नव्हता, गुलाब नव्हते. सहाजण कसे गेले ते तिनं नावानिशी सांगितलं, आणि सातवा पेला हातात नसतानाही असा पुढं केला की अक्का अर्धं पाऊल मागं सरकली. म्हणजे मास्तरांच्या नियमानं मेलीच.

"प्या हो आत्ती, ऊन कशाय" ह्या ओळीला लखूचा पेला ओठापर्यंत गेला होता. तो तिथंच थांबला. "वास हाय" ला त्यानं वास घेतला. "सांगून जा बाय" ला त्यानं पेला हळूच बाकावर ठेवला आणि जरा लांब सरकवला.

मास्तर वळून बघत होते. "लखूअण्णा, निकाल?"

"आवाज बरा हाय."

"मग कशाय का ठेवलास?"

"गार झालंय."

पेल्यातनं वाफ निघत होती. सगळ्या हॉलानं वळून ती बघितली.

बाळीअक्का चालत गेली. लखूचा पेला उचलला आणि उभ्यानं एका दमात प्याली. मिशा पुसाव्यात तसं तोंड पुसलं. "धनं जास्त झालंय," म्हणाली. "पहिला नंबर. लिहा, मास्तर."

मास्तरांनी लिहिलं. लखूनं खाली सही केली. आडनावासकट.

राखी बेळगावला जाऊन आली. तिथं जो काय नंबर आला तो तिथल्या लोकांनी दिला, बाळीअक्कानं नाही, म्हणून गुंदात तो कुणी मोजत नाही. हिवाळ्यात मेळा भरला तेव्हा खुर्ची भिंतीकडं तोंड करून ठेवलेली होती आणि लखूच्या कणगराला परत तिसरा नंबर आला. तो काही बोलला नाही.

परवा मी अक्काकडं बेणं मागायला गेलो होतो. आतनं हाक आली, "आत्ती, पेज निवतीया, येताय का खाली ओतू?" फणसावरचे कावळे उडाले.

"ऐकलास?" अक्का मला म्हणाली. "दिवसभर असंच. आवाज खाली म्हणायची सोय ऱ्हायली न्हाई. मीच नंबर दिलाय, आणि मी दिलेला परत घेत न्हाई."

मग ती उठली आणि पेज गार व्हायच्या आत, पण फार घाई न दाखवता, आत गेली.