न टोचलेले वांगे

आमच्या शाळेत विज्ञान काचेच्या कपाटात राहत असे. कपाटाला कुलूप होते आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या जानव्याला. वस्तू फुटली तर वर जाब द्यावा लागे. मूल काहीच न शिकता बाहेर पडले तर कोणी जाब विचारीत नसे. एरंडोलजवळच्या त्या गावात, सत्तर सालाच्या आसपास, आम्ही परीक्षानळ्या काचेपलीकडून पाहतच आठवीत पोचलो.

विज्ञानाचे नवे शिक्षक धुळ्याहून आले. त्यांनी किल्ली मागितली, ती मिळाली नाही. मग ते आम्हाला घरून डबे, बाटल्या, रॉकेलच्या चिमण्या आणायला सांगू लागले. ते प्रश्न विचारत आणि उत्तर देत नसत. त्यांना उत्तरे येतच नाहीत, असा पालकांचा समज झाला. मुख्याध्यापकांचेही तेच मत होते. हिवाळ्यात शाळा तपासायला येणाऱ्या साहेबांचेही तसेच मत झाले, तर शिक्षकांची नोकरी कायम होणार नव्हती.

तपासणी म्हणजे सकाळी वर्ग आणि दुपारी साहेबांना भरीत-पुरी. शाळेमागे शिपाई कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजत होता. साहेबांनी आठवीला विचारले, "वाफेत जोर असतो, हे कशावरून?"

एक मुलगी उठली. "साहेब, मागं चला. न टोचता भाजलं की वांगं फुटतं."

"काहीतरीच! माझी आई कधी टोचत नाही. टोचलं की रस जातो."

"करून पाहू या," शिक्षक म्हणाले.

"अहो, ती जेवणाची वांगी आहेत!" मुख्याध्यापक ओरडेपर्यंत वर्ग मागच्या दारातून बाहेर पडला होता.

साहेबांनी स्वतः वांगे निवडून विस्तवात ठेवले. ते निमूटपणे भाजले गेले. साहेब हसले. मुख्याध्यापक त्यांच्यापेक्षा जास्त हसले. शिक्षकांनी फक्त वांगे उघडायला सांगितले.

"साहेब, हाई किडकं शे," मुलगी घरच्या अहिराणीत म्हणाली. "अळीनं आधीच भोक पाडेल शे."

शिक्षकांना आता तिथेच थांबून साहेबांची आई आणि स्वतःची नोकरी, दोन्ही सांभाळून घेता आले असते. त्यांनी एक धडधाकट वांगे शोधून विस्तवात घातले. "साहेब, जरा मागे सरा."

आठवीच्या वर्गासमोर साहेब मागे सरत नसतात. वांगे फुटले तेव्हा निम्मा गर त्यांच्या पांढऱ्या शर्टावर आला.

"भाऊ, आता भरीत कमी पडेल," शिपाई मुख्याध्यापकांच्या कानाशी म्हणाला.

साहेबांनी बोटाने गर पुसून चाखला. "मीठ हवं," ते म्हणाले. मग त्यांनी आधीचे किडके वांगे उचलून अळीचे भोक पाहिले. "म्हणजे आमची आई किडकीच वांगी आणायची."

शिक्षक त्या वर्षी कायम झाले. पुढच्या तपासणीला मुख्याध्यापकांनी भरिताची वांगी आदल्या दिवशीच विज्ञानाच्या कपाटात ठेवून कुलूप लावले. परीक्षानळ्यांना जागा उरली नाही, म्हणून त्या आम्हाला मिळाल्या.