प्रशिक पंच

पोलिसांनी पंच म्हणून बोलावलं, म्हणून प्रशिक शिट्टी घेऊन गेला. पांढरा टी-शर्ट, काळी ट्रॅकपँट, पायात स्पोर्ट शूज आणि गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. पॉवरलूमची दिवसपाळी सुटायची वेळ होती. गल्लीच्या तोंडाशी पोलिसांची गाडी उभी होती. एका शिपायाने त्याला खूण केली आणि कारखान्यामागच्या खोलीत नेलं. तिथे नशेसाठी विकल्या जाणाऱ्या कफ सिरपच्या बाटल्यांचे खोके उघडून मांडले होते. उपनिरीक्षक लिहीत बसले होते.

प्रशिकने विचारलं, "सर, मॅच कुठे आहे?"

मी तिथे नव्हते. त्या दिवशी माझी ड्युटी कैदी पार्टीला होती, म्हणजे आरोपींना कोर्टात नेणं आणि परत आणणं. खोलीत काय झालं ते मला नंतर प्रशिकने सांगितलं आणि उपनिरीक्षकांनीही सांगितलं. दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता.

पोलिसांच्या कामात पंच वेगळा असतो. छापा घातला, झडती घेतली, काही जप्त केलं, की ते जागेवरच लिहून काढावं लागतं. तो पंचनामा. त्या वेळी दोन त्रयस्थ माणसं हजर हवीत. त्यांनी सगळं डोळ्यांनी पाहायचं आणि सही करायची. त्यांचा आरोपीशी संबंध नसावा, पोलिसांशीही नसावा. पुढे खटला उभा राहिला की त्यांनीच कोर्टात येऊन सांगायचं, आम्ही हे पाहिलं. कबड्डीतला पंच निकाल देतो. आमचा पंच निकाल देत नाही, पण त्याच्या सहीवर निकाल लागू शकतो.

असा पंच भिवंडीच्या लूमवस्तीत मिळणं कठीण. आमची गाडी गल्लीत शिरली की पानवालासुद्धा खाली वाकून काहीतरी शोधायला लागतो. कोर्टाच्या खेपा कोणालाच नको असतात. त्याहून जास्त नको असतं ते नाव. खबरी.

प्रशिकपर्यंत पोलीस कसे पोचले, ते सांगायचं तर युवा केंद्रापासून सुरुवात करावी लागेल.

वस्तीत आमची एक जुनी चौकी होती. ती बंद पडली होती. एका योजनेतून निधी आला आणि त्या खोलीत केंद्र सुरू झालं. मागच्या मोकळ्या जागेत कबड्डीचं मैदान, आत मॅट, कॅरम, भरतीच्या पुस्तकांचं कपाट. मी हवालदार होते. मला आणि एका शिपायाला तिथेच नेमलं होतं. उद्देश साधा होता. वस्तीतल्या तरुणांची पोलिसांशी गाठ पडायची ती गाडी अडवली तर किंवा कोणाच्या शोधात आम्ही दार वाजवलं तर. तिसरं काहीतरी कारण असावं, एवढंच.

फळ्यावर मी पहिल्या दिवशी एक ओळ लिहिली होती. इथे कोणालाही कोणाबद्दल विचारलं जाणार नाही. डिटेक्शनचे, म्हणजे गुन्ह्यांचा तपास लावणारे आमचेच लोक अधूनमधून डोकवायचे. मॅडम, तुमच्या पोरांच्या कानावर काही आलंय का? मी त्यांना चहा द्यायचे आणि परत पाठवायचे. मुलं हे बघत होती. त्यामुळेच येत होती.

राजू त्यातलाच. उत्तर प्रदेशातून आलेला, रात्रपाळीचा लूम कामगार, केंद्राचा सगळ्यात चांगला चढाईपटू. सुरुवातीला तो मैदानाच्या कडेला चप्पल हातात घेऊन उभा राहायचा. पळायला सोपं पडावं म्हणून.

प्रशिकचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. वडील वायरमन, आई दवाखान्यात आया. मुलगा बारावी झालेला आणि पोलीस भरतीची तयारी करणारा. खेळाडू म्हणून तो कच्चा होता. राजू त्याला "कॅरम का प्लेयर" म्हणायचा. पण नियम त्याला तोंडपाठ होते. पुढे त्याने कबड्डीच्या पंचाची परीक्षा दिली आणि पास झाला. त्या संध्याकाळी त्याने केंद्राचा मोबाइल मागून घेतला. सगळ्या मुलांचे नंबर त्यात होते. त्याने स्वतःचं नाव काढलं, प्रशिक कांबळे, आणि त्या जागी टाइप केलं, प्रशिक पंच. मग मला दाखवलं. राजू म्हणाला, "अब इसका आधार कार्ड भी बदलवा दो, मॅडम."

त्यानंतर निधी थांबला.

सिनियर साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "मॅडम, हेड बंद झालं." हेड म्हणजे हिशेबातला तो रकाना, ज्याखाली पैसे येतात. रकाना बंद झाला की काम चांगलं होतं की वाईट, हा प्रश्न उरत नाही.

"मग केंद्र?"

"केंद्र बंद नाही. कागदावर चालू आहे. फक्त तुम्ही आणि शिपाई स्टेशनला परत. बंदोबस्ताला माणसं नाहीत माझ्याकडे, तुम्हाला माहीत आहे."

ते खरं होतं. रजा मागायला लोक लाजत होते, अशी आमच्या स्टेशनची परिस्थिती होती.

"आणि केंद्राचा फोन?"

"जमा करा. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर राहील." स्टेशनला चोवीस तास जो हजर असतो तो ठाणे अंमलदार. "पोरांचा फोन आला तर कोणीतरी उचलेल."

मुलांचे नंबर पुसून फोन देते, असं मी म्हटलं. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. सरकारी फोनमधलं काही पुसायचं नाही, उद्या कोणी विचारलं तर उत्तर कोण देणार, असं त्यांचं म्हणणं. मी फोन होता तसा जमा केला आणि पोच घेतली.

मैदान सुरू होतं. चावी शेजारच्या किराणावाल्याकडे असायची. मुलं आपली आपण खेळत. प्रशिक आपल्या खर्चाने चुना आणून रेषा मारायचा. मला साप्ताहिक सुट्टी मिळाली की मी जाऊन यायचे. मुलं विचारायची, मॅडम, केंद्र परत कधी? मी सांगायचे, माहीत नाही.

छाप्याच्या दिवशी उपनिरीक्षक जाधवांकडे खबर पक्की होती, पण पंच नव्हते. जाधव नवीन होते, केंद्र बंद झाल्यावर बदलून आलेले. सरकारी कर्मचारी पंच म्हणून मिळतात का ते पाहिलं, तर कार्यालयं सुटलेली. एक पंच कसाबसा मिळाला, जवळच्या नाक्यावरचा रिक्षावाला. दुसऱ्यासाठी जाधवांनी गाडीतून स्टेशनला फोन लावला. कोणीतरी पंच बघा आणि पाठवा. ठाणे अंमलदाराच्या टेबलावरच्या शिपायाला वाटलं, तिथे पडलेला केंद्राचा फोन लोकसंपर्काचा आहे, यात असेल एखादा. त्याने सर्चमध्ये टाइप केलं, पंच. एकच नाव आलं.

शिपाई बोलला ते एवढंच: पोलीस स्टेशनवरून बोलतोय, पंच म्हणून यायचंय, लगेच ये. आणि पत्ता.

प्रशिकने मला नंतर सांगितलं, "मला वाटलं, केंद्र परत सुरू झालं."

मॅच कुठे आहे, या प्रश्नावर खोलीतले पोलीस हसले. जाधव हसले नाहीत. घोटाळा त्यांच्या लक्षात आला होता. पण झडतीचं व्हिडिओ चित्रण सुरू होतं, बाहेर गर्दी वाढत होती, आणि त्यांना हवा तो माणूस समोर उभा होता. सज्ञान, स्थानिक, लिहिता-वाचता येणारा. त्यांनी त्याला पंचाचं काम समजावलं. थांबायचं नसेल तर जा, असंही म्हणाले. काय करतोस विचारल्यावर प्रशिकने भरतीच्या तयारीचं सांगितलं, तेव्हा जाधव म्हणाले, "तुला पोलीस व्हायचंय ना? मग हे पण बघून ठेव."

प्रशिक थांबला. त्याने पाहिलं, मोजलं, वाचलं आणि सही केली. पकडलेला माणूस पप्पू होता. राजूचा मोठा भाऊ. राजूबरोबर राहणारा, त्याला भिवंडीला घेऊन आलेला.

पप्पूला गाडीत बसवताना गल्लीतले मोबाइल वर झाले. मागून प्रशिक बाहेर आला. प्रत्येक व्हिडिओत त्याच्या गळ्यातली शिट्टी दिसते.

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. मी मैदानावर गेले, तेव्हा प्रशिक रेषा मारत होता. मुलं आली, पण कडेलाच बसली. राजू कामावरून थेट आला होता. केसांत कापसाची रुई तशीच होती. तो मधल्या रेषेपाशी येऊन उभा राहिला.

"तू पंच था ना?"

"हां."

"सीटी गले में थी?"

प्रशिकने होकारार्थी मान हलवली.

"तो बजाई क्यों नहीं?"

प्रशिकच्या हातात चुन्याचं घमेलं होतं. ते त्याने खाली ठेवलं नाही. मी राजूला काही सांगायला पुढे झाले. तो म्हणाला, "आप रहने दो, मॅडम. आप तो अच्छी हो." आणि गेला. बाकीचे एकेक करून उठले. त्या दिवसानंतर त्या मैदानावर मॅच झाली नाही.

मी स्टेशनला जाऊन जाधवांना विचारलं. ते ओशाळले होते. म्हणाले, "मॅडम, तो केंद्रातला आहे हे मला माहीत नव्हतं." साहेब म्हणाले, कायद्याने यात काही चूक नाही. तेही खरं होतं.

पुढे कोर्टाचं समन्स आलं. प्रशिक ते घेऊन आईबरोबर माझ्या घरी आला. खबरीची आई म्हणून टोमणे बसत, त्यामुळे आईला त्या दोन गल्ल्यांतून कामाला जाता येत नव्हतं, लांबून वळसा घालावा लागत होता. ती म्हणाली, "मॅडम, त्याला सांगा ना, काय आठवत नाय बोल म्हणून. किती लोक बोलतात तसं." पंच असा उलटला की त्याला फितूर म्हणतात. रोजच्या कामात ते नवीन नाही. मी कायदा काय म्हणतो ते सांगितलं.

प्रशिक आईला म्हणाला, "आई, बाद झालेल्याला बादच द्यावं लागतं. नाहीतर परीक्षा कशाला दिली?"

रिक्षावाला फितूर झाला. कोऱ्या कागदावर सही घेतली, म्हणाला. प्रशिकने पाहिलं ते सगळं सांगितलं, क्रमाने. मग बचाव पक्षाचे वकील उठले. त्यांच्याकडे एक फोटो होता. भिवंडीजवळच्या शेलार गावातल्या कबड्डी स्पर्धेतला, बक्षीस समारंभाचा. आमच्या अधिकाऱ्यांच्या मधोमध प्रशिक, अंगात केंद्राचा टी-शर्ट.

"हे तुम्हीच ना? टी-शर्टवर काय लिहिलंय, वाचून दाखवा."

प्रशिकने वाचलं. "पोलीस युवा केंद्र."

"छाप्याला तुम्हाला कशासाठी बोलावलं होतं?"

"मला वाटलं, मॅच आहे."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी वर पाहिलं, तेव्हा थांबलं.

पप्पू सुटला. नमुने तपासणीला पाठवायला उशीर झाला होता, तेही एक कारण होतं. पण निकालपत्रात पंचाविषयी स्वतंत्र परिच्छेद आहे. हा साक्षीदार पोलिसांच्या नित्य संपर्कातला असल्याने त्याला त्रयस्थ म्हणता येत नाही, असा त्याचा अर्थ. गल्ली त्याला पोलिसांचा माणूस म्हणत होतीच. कोर्टाने तेच सभ्य भाषेत म्हटलं. प्रशिकने भरतीचा अर्ज पुढे भरलाच नाही. राजू आणि पप्पू खोली सोडून सुरतेला गेले, असं ऐकलं.

केंद्राच्या खोलीत आता मुद्देमाल, म्हणजे जप्त केलेल्या वस्तू ठेवतात. स्टेशनला जागा नाही. ते कफ सिरपचे खोकेही काही दिवस तिथेच होते. ओल लागू नये म्हणून कबड्डीच्या मॅटवर रचलेले.

मी निवृत्त झाले, तेव्हा नव्या साहेबांनी अनुभवातून काही सूचना असतील तर द्या, असं म्हटलं. मी एकच लिहून दिली. उपक्रम बंद करायचा असेल तर पूर्ण बंद करावा आणि त्याचा फोनही बंद करावा. सूचनेची पोच मिळाली.

मागच्या महिन्यात नाशिकहून येताना मी पडघ्याला उतरले. प्रशिक तिथे एका गोडाऊनवर गेटला आहे. निळा युनिफॉर्म, खांद्यावर कंपनीचा बिल्ला. एक मोठा कंटेनर रिव्हर्समध्ये येत होता आणि तो मागे उभा राहून हात दाखवत होता. गळ्यात तीच शिट्टी, दोरी नवीन. त्याने शिट्टी वाजवली. कंटेनर जागच्या जागी थांबला.

तो माझ्याकडे आला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, "इथे बरं आहे, मॅडम. वेळेवर वाजवता येते."