बाबांच्या पाठीवरची थंड थैली

आधीच सांगून टाकतो, मी शाळेत विज्ञान शिकवतो. सव्वीस वर्षं झाली. असले अनुभव मी आजवर वाचायचो ते रविवारच्या जेवणानंतर, बायकोला मोठ्याने वाचून दाखवायला... "हे पाय वर्षा, अजून एकाला पांढरी साडी दिसली!" म्हणून हसायला. तेव्हा आता तुम्ही माझ्यावर हसलात तर तक्रार करायला मला तोंड नाही. पण माझ्या गोष्टीत साडी नाही, पिंपळ नाही, अमावस्याही नाही. जानेवारीतल्या रविवारची सकाळ, अकराचा सुमार, अकोल्यात गोरक्षण रोडच्या मागच्या गल्लीतलं आमचं पहिल्या मजल्यावरचं घर, आणि गरम पाण्याची एक रबरी थैली. बस. त्या थैलीने मी त्या दिवशी माझ्या बापाचा जीव घेणार होतो. घेतला नाही, यात माझं कर्तृत्व शून्य आहे — आणि तेच सांगायला बसलोय.

बाबा बडनेऱ्याला रेल्वेत फिटर होते. औषधांबद्दल त्यांची मतं त्यांच्या पान्यांइतकीच पक्की. टोचलं तर औषध, बाकी सगळी डॉक्टरची टाळाटाळ. गोळी दिली म्हणजे डॉक्टरला रोग समजला नाही. पातळ औषध लेकरांचं. आणि सलाईन लावलं की माणूस दुसऱ्या दिवशी ड्युटीवर! अशा माणसाच्या प्रोस्टेटमधला कॅन्सर गेल्या वर्षी मणक्यात उतरला, आणि दुखणं असं सुरू झालं की रेल्वेत बोट चेचलं तरी हूं न करणारा माणूस उशी दातात धरायला लागला.

गोळ्या दिल्या, त्या उलटून पडायच्या. पातळ औषध दिलं, तेही अर्ध्या तासात बाहेर. इंजेक्शन दिवसातून इतक्या वेळा घरी देणार कोण? मी म्हटलं, मी शिकतो. सरावासाठी संत्रं घेतलं. पहिलीच सुई संत्र्यातून आरपार माझ्या अंगठ्यात. वर्षाने ते संत्रं आणि ती उमेदवारी दोन्ही काढून घेतलं.

मग अमरावतीच्या डॉक्टरांनी पट्टी दिली. कातडीवर चिकटवायची, त्यातलं औषध कातडीतून हळूहळू तीन दिवस अंगात झिरपत राहतं. बाबांनी ती उलटसुलट पाहिली.

"हे काय होय?"

"औषध होय बाबा. चिकटवायचं फक्त."

"सुई नाई, गोळी नाई... तीन दिवसाचा पास देल्ला काय मले?"

पण दोन दिवसांत बाबा झोपायला लागले. दुधात पोळी चुरून खायला लागले. फक्त छातीवरची पट्टी खाज सुटली की खरवडून काढायचे. म्हणून घरी तपासायला येणाऱ्या गवई सिस्टरांनी ती पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध लावली, जिथे त्यांचा हात पोचत नव्हता. नेमकी दुखायचीही तीच जागा.

आता माझी चूक सांगतो. अमरावतीला डॉक्टर पट्टीबद्दल समजावत होते तेव्हा मी टेबलाखाली वाकून माझा चष्मा शोधत होतो. चष्मा डोक्यावर होता. सोबत सूचनांचा घडी घातलेला कागद मिळाला, बारीक इंग्रजी अक्षरांचा. तो मी "घरी निवांत वाचू" म्हणून ड्रॉवरमध्ये ठेवला. पेपर सोडवण्याआधी सूचना वाचा, असं पोरांना दरवर्षी घसा फोडून सांगणारा मास्तर मीच.

त्या रविवारच्या आदल्या संध्याकाळी लीलाआत्या आली. बाबांची धाकटी बहीण, शेंदूरजनाघाटची, सत्तरीतही पोतं उचलणारी. सकाळी कडाक्याची थंडी होती आणि बाबा कुशीवर पडून कण्हत होते. आत्या खाटेवर त्यांच्या पायाशी बसली होती.

"दादाले शेक कोन देऊन राह्यलं?"

"कोनीच नाई आत्या. पट्टी लावली हाय ना."

"पट्टी! अरे लेका, टपालाचं तिकीट चिकटवल्यानं हाडातली थंडी जाते काय? थैली आन तुमची."

मलाही पटलं. का नाही पटणार? आमच्याकडे पोट दुखो, पाठ दुखो की परीक्षा असो, शेक देतात. मी गंजात, म्हणजे आमच्या उभ्या भांड्यात, पाणी तापवलं, थैलीत भरलं, बूच घट्ट लावलं, टॉवेल गुंडाळला. स्वयंपाकघर ते बाबांची खोली ही चौदा पावलं आहेत. नंतर मी मोजली. थैली बाबांच्या पाठीवर, बरोबर पट्टीवर ठेवली.

"अबे! बर्फ काहून ठेवून राह्यला?"

मी हात लावला. थंड. कोमट नव्हे... थंड.

"पानी तापवता येत नाई," आत्या वर्षाला म्हणाली, "आन् लेकरायले सायन्स शिकवते बाप्पा."

दुसऱ्यांदा पाणी खळखळ उकळू दिलं. आत्या शेजारी उभी. भरताना वाफेने बोट पोळलं. वर्षाने थैली गालाजवळ नेली आणि झटक्यात दूर केली. "केवढी गरम आहे! अजून एक टॉवेल गुंडाळा, सालडं निघतील त्यांची." दुसरा टॉवेल गुंडाळला. चौदा पावलं. बाबांच्या पाठीवर ठेवली.

बाबा शहारले. "पक्या... काय लावून राह्यला बे? उचल ते."

उचलून पाहिली तर थैली पुन्हा गार. वर्षा म्हणाली, "थैलीच खराब असेल." थैली कशी खराब असेल? गळत नव्हती. पण मीही मान हलवली. अशा वेळी माणूस काहीही मान्य करतो.

तिसऱ्या वेळी आत्याने सूत्रं हातात घेतली. पाणी तिने उकळलं, बूच तिने लावलं. खाटेजवळ आल्यावर म्हणाली, "आता मी पायतो कशी थंड होते ते," आणि टॉवेल बाजूला सारून थैली आधी स्वतःच्या कमरेला टेकवली.

"अगं माय वं! भाजली ना मी!"

तिने तशीच ती पुन्हा टॉवेलात घेतली आणि बाबांच्या पाठीवर टेकवली. मी वरून तळहात ठेवला होता. आणि, इथे हसायचं तर हसा, मला ती ऊब जाताना कळली. नळ बंद केल्यावर धार तुटते तशी तुटली. हाताखाली गरम होतं, आणि नव्हतं. मी थैली ओढली, बूच काढून पाणी बादलीत ओतलं, त्यात बोटं बुडवली. सांधे दुखतील इतकं गार पाणी.

मी पोरांना शिकवतो की उष्णता नाहीशी होत नाही, एकीकडून गेली की दुसरीकडे मिळते. मग गेली कुठे? बाबांची पाठ पाहिली. साधी, लाल नाही, काही नाही. चादर थंड. आत्या रिकामी थैली मांडीवर घेऊन खाली फरशीवर बसली.

आणि मी काय केलं असेल? थांबलो? नाही. मला राग आला. बापाला साधा शेक देता येत नाही म्हणजे काय! मी परत स्वयंपाकघरात जाऊन मोठ्या पातेल्यात पाणी चढवलं. एक वीटही काढली, तापवून फडक्यात बांधायला. गॅस पेटवला तोच बेल वाजली.

गवई सिस्टर होत्या. पट्टी बदलायचा दिवस होता. खोलीत शिरताच त्यांना आत्याच्या मांडीवरची थैली दिसली.

"हे काय करून राह्यले तुम्ही?"

"शेक देत होतो सिस्टर, पाठीला..."

"पट्टीवर?" त्यांचा आवाज असा चढला की खालच्या मजल्याची खिडकी उघडली. "सर, शिकलेले मानसं ना तुम्ही! उष्णता लागली की तीन दिवसांत उतरायचं औषध भराभर आंगात उतरते. माणूस झोपतो, श्वास मंद होतो, आन् मग थांबतो. झोपले म्हणून तुम्ही खुश होऊन पांघरूण घातलं असतं! किती वेळ ठेवली?"

वर्षाने सांगितलं, "ठेवली तीनदा... पण गरम राहतच नव्हती."

सिस्टरांनी ते ऐकून घेतलं की नाही कोण जाणे. त्या बाबांचे श्वास मोजत होत्या. डोळ्यांच्या बाहुल्या पाहिल्या, नाडी पाहिली, डॉक्टरांना फोन लावला. सगळं ठीक होतं. जुनी पट्टी काढली, नवी दंडावर लावली, वर घट्ट फडकं बांधलं. मग नोंद लिहायला म्हणून बाबांच्या उशाशी ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या, आणि किंचाळून उठल्या.

"खुर्ची उन्हात होती काय?"

ती खोली उत्तरेकडची आहे. जानेवारीत तिथे ऊन येत नाही. सकाळपासून त्या खुर्चीवर कोणी बसलं नव्हतं. मी तळहात ठेवला आणि ओढून घेतला. नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी. निळं प्लास्टिक मधोमध थोडं खाली दबलं होतं, बसल्यावर दबतं तसं. आजूबाजूची फरशी गार. भिंत गार.

स्वयंपाकघरात पातेल्यातलं पाणी उकळत होतं. वर्षाने जाऊन गॅस बंद केला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात शिरलं की थैली थंड पडेल तसतसं मी पाणी आणखी तापवत होतो.

पुढच्या आठवड्यात मी शाळेतून थर्मामीटर आणला. तीच थैली, तोच टॉवेल, तोच गंज. आत्याला आडवं पाडून तिच्या पाठीवर ठेवली. "माह्यावर कायले प्रयोग करून राह्यला?" म्हणत ती झोपूनही गेली. दोन तासांनी थैली छान गरम होती. माझ्या पाठीवर गरम राहिली, वर्षाच्या पोटऱ्यांवर गरम राहिली. बाबांवर पुन्हा ठेवायची माझी छाती झाली नाही, आणि ठेवायची नव्हतीच. आत्या म्हणते आमची आजी, म्हणजे तिची आणि बाबांची वारलेली आई, आली होती. गवई सिस्टर म्हणतात, मला विचारू नका, मी फक्त पट्टी बदलते. पण त्या दिवसापासून नोंदी त्या उभ्यानेच लिहायच्या. मी म्हणतो, मला माहीत नाही. आजही नाही.

बाबांना मी हे बरेच दिवस सांगितलं नव्हतं. पण ते मनात खुपत होतं, एका दुपारी सांगून टाकलं. की मी कागद वाचला नव्हता, की तुमचा जीव माझ्या हाताने गेला असता. सांगताना रडलो, पन्नाशीचा बाप्या. बाबांनी शांतपणे ऐकलं.

"पक्या," ते म्हणाले, "साऱ्या जिंदगीत तुह्यं कोनतं काम पयल्या खेपेस जमलं? हे तरी काहून जमन?"

मी हसलो. तेही हसले, खोकले, मी पाणी पाजलं. मग त्यांनी मान वळवली आणि उशाशी असलेल्या त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून, अगदी हळू, समजूत काढल्यासारखं म्हणाले, "जाऊ दे आता. मुद्दाम नाई केलं त्यानं. पोरगं हाय ते माह्यं."

त्यानंतर ते चार महिने होते. कुणाशी बोललात, हे मी त्यांना विचारलं नाही.