पान उलटणारं बोट

एकदा मावशीची तंद्री लागली की घराला आग लागली तरी तिला पत्ता लागायचा नाही, असं तिची ताई म्हणायची, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. खिडकीचा पडदा वाऱ्यानं फुगून खाली बसला, की हिचा हातातला घास हातातच. पडदा आधी कुठून उचलला गेला? कडेनं की मधून? बसली आपली बघत. जेवण गार होऊन जायचं, पण चेहऱ्यावर मात्र असं समाधान, की रागवायलाही जीव व्हायचा नाही.

अशा बाईला काम तरी कसलं मिळणार? आजारी माणसांसाठी उपकरणं बनवणाऱ्या एका वर्कशॉपमध्ये ती होती, आणि कित्येक वर्षं तिच्या डोक्यात एकच भुंगा होता: ज्यांचे हात हलत नाहीत, त्यांच्या पुस्तकाचं पान उलटणारं यंत्र. हनुवटीनं बटण दाबायचं. मग रबरी बोट खाली यायचं, पान अलगद उचलायचं, आणि एक पातळ काडी ते पलीकडे निजवायची. पान हवेत उभं राहायचं तो क्षण बघायला मावशीला इतकं आवडायचं, की वाचणारा माणूस वाचत असेल हे ती साफ विसरायची.

तिच्या भाचीला, ताईच्या लेकीला, सगळे भिंगरी म्हणत, कारण पोरगी एका जागी ठरायचीच नाही. पण हल्ली भिंगरी थांबली होती. शाळेच्या प्रदर्शनात तिनं कुंडीला थेंब थेंब पाणी घालणारी बाटली मांडली होती. ऐन वेळी बूच निसटलं आणि सगळं पाणी पाहुण्यांच्या बुटांत. वर्गानं तिचं नाव ‘पूर’ ठेवलं. पोरांना काय, निमित्तच हवं असतं! भिंगरीनं कानाला खडा लावला आणि तारा, पक्कड, चिकटपट्ट्या सगळं आईच्या हवाली केलं.

“माझ्याकडून नाही व्हायचं ते,” ती म्हणाली. “मावशीची गोष्ट वेगळी आहे. ती घरी आणून दाखवते ते सगळं चालतं.”

तेवढ्यात विज्ञानाच्या बाईंनी मावशीलाच वर्गात बोलावलं. शोध लावणारं माणूस कसं असतं ते मुलांना जवळून बघू दे, असा त्यांचा हेतू. ताईनं फोनवर बजावलं, “हे बघ, तिथे वेंधळेपणा करू नकोस. तुला बघून पोरीचं मन परत लागलं तर लागलं, नाहीतर कायमचं उडालं समज.”

मावशीनं ठरवलं, असं झकास दाखवायचं की भिंगरीची मान ताठ झाली पाहिजे.

वर्गात दुपारचं तिरपं ऊन बाकांवर लोळत होतं. भिंगरी शेवटच्या बाकावर, मान खाली. बाईंनी हौसेनं एक नवंकोरं पुस्तक पुढे केलं. मावशीनं ते यंत्रात ठेवलं आणि बटणावर हनुवटी टेकवली.

बोट खाली आलं. पान उचललं गेलं. त्याच्यामागून दुसरं, तिसरं, अख्खा धडाच! काडी अडकली, यंत्रानं आचका दिला आणि पुस्तक धाडकन जमिनीवर. वर्ग खो खो हसत सुटला.

आता बोला! वर्कशॉपमध्ये ही बाई सदैव एकाच जुन्या जाडजूड पुस्तकावर यंत्र चालवून बघत आली होती. त्याची पानं वापरून मऊ, फुगलेली, आपोआप सुटी झालेली. कोऱ्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटून बसतात, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. यंत्राला जगातलं एकच पुस्तक उलटता येत होतं.

मावशीनं शेवटच्या बाकाकडे पाहिलं. भिंगरीचे कान लालबुंद झाले होते. संपलं, असं तिला वाटलं, आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. इतकी वाईट फजिती तिची कधी झाली नव्हती.

तिनं वाकून पुस्तक उचललं, उन्हात धरलं, कडेवरून अंगठा फिरवला, आणि लागली की तंद्री! पानांच्या कडा उन्हात चमकत होत्या. पोरांचं हसणं कुठेतरी दूर, पाण्याखालून आल्यासारखं येत होतं.

“चिकटलात रे बाबांनो,” ती पानांनाच म्हणाली. “कसे सुटाल?”

“थुंकी लावा!” पुढच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं.

“रबराच्या बोटाला थुंकी कुठली?” मावशी अगदी मनापासून विचारात पडली.

“फुंकर मारा!”

“फुंकर... बरी आहे. पण पुढचंही पान उडेल ना.”

हसणं कधी विरलं ते कुणालाच कळलं नाही. मुलं बाकं सोडून टेबलाभोवती जमली, आणि बाईही ‘जागेवर बसा’ म्हणायचं विसरल्या.

“आधी वाकव,” मागून आवाज आला. भिंगरी उभी होती. “पुस्तक आधी वाकव, मावशी. वाकवलं की कडा सरकतात, पानं सुटी होतात.”

“ये, दाखव.”

भिंगरीनं पुस्तक दोन्ही हातांत धरून वाकवलं, सोडलं, यंत्रात ठेवलं. बोट खाली आलं आणि एकच पान उठलं. उन्हात क्षणभर उभं राहिलं, मग पलीकडे निजलं. पुढच्या खेपेला पुन्हा दोन आली, पण तोवर कोण ऐकतंय? वर्गानं छप्पर डोक्यावर घेतलं होतं.

घरी परतताना दोघी रमतगमत चालल्या होत्या.

“आज पहिल्यांदाच बिघडलं का गं?” भिंगरीनं विचारलं.

“पहिल्यांदा? अगं, एकदा तर त्यानं पानच टरकावलं. त्याआधी बोट निखळून साहेबांच्या चहात पडलं होतं.”

भिंगरी हसली नाही. रस्त्यातच थांबली. “मग तू आमच्याकडे नेहमी नीट चालणारंच का आणायचीस?”

मावशी दोन पावलं मागे आली.

“मला वाटायचं,” भिंगरी म्हणाली, “बिघडतं ते फक्त माझंच.”

भर रस्त्यात गुडघे टेकून मावशीनं पोरीला घट्ट पोटाशी धरलं. “चुकलंच गं माझं,” ती पुटपुटली.

“सोड ना, मावशी,” भिंगरी तिच्या मिठीतून वळवळत म्हणाली. “आधी सांग, पुस्तक वाकवायची मोटर कुठे बसवायची?”