शेपटाकडून वाचणारे काका

कुठलाही कागद हातात आला की काका आधी शेवटचं पान उघडायचे. "थांब पोरी, शेपूट पाहू दे," म्हणायचे. लग्नाची पत्रिकासुद्धा खालून वर वाचायचे. असा एखादा संशयी माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आमचा नागपूरचा होता, इतकंच.

फिनिक्सजवळच्या चँडलरमधल्या आमच्या छोट्या कंपनीकडे एकच मोठं काम होतं. नव्या गाड्यांच्या धुरावर मर्यादा घालणारा आदेश राज्याच्या गव्हर्नरनं काढला होता, त्याचे नियम आम्ही सरकारी खात्यासाठी तयार करत होतो. फिनिक्सच्या विधिमंडळात बऱ्याच जणांच्या डोळ्यांत तो आदेश खुपत होता. तो रद्द झाला की आमचं काम जाणार आणि कामाबरोबर काकांचा व्हिसा. माझं बरं होतं, माझ्याकडे ग्रीन कार्ड होतं. काकांचं अजून रांगेत होतं, आणि त्यांची मुलगी शाळेच्या शेवटच्या वर्षात जाणार होती.

म्हणून लंचला काका डबा बाजूला सारून विधेयकं वाचत बसायचे. "सही एकाची, पुसायला सारे बसलेत," म्हणायचे. मी हसायचे. एकदा शेतीच्या पाण्याच्या विधेयकात, अगदी शेवटी, त्यांना ते कलम सापडलंच: त्या आदेशावर कुठल्याही खात्यानं काम करू नये. माझं हसणं थांबलं. काकांना मात्र शेपूट सापडल्याचा आनंदच झाला, खोटं कशाला सांगू.

विधेयक मंजूर झालं, पण गव्हर्नरनं ते फेटाळलं. आमच्या साहेबांनी केक मागवला. काका तुकडा हातात धरून उभेच.

"खा ना काका, आता कसलं टेन्शन?"

"खातो. पण हे लोक इतक्यात सोडतील, असं नाही वाटत मला."

अधिवेशन संपता संपता अर्थसंकल्प आला. काकांनी तोही उलटा वाचला. आमच्या आदेशाविरुद्ध त्यात एक अक्षर नव्हतं, म्हणून ते निर्धास्त झाले. आमच्या कामासाठी पैसेच ठेवले नव्हते, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. जे लिहिलंच नाही ते दिसणार कसं? आदेश कायम राहिला, काम बंद पडलं. साहेबांना हे आधीच ठाऊक असावं, असा मला आजही दाट संशय आहे. त्यांनी स्वतःपुरतं दुसरं काम आधीच पाहून ठेवलं होतं.

मंदीची कुजबुज सुरू झाली होती, काकांना कुणी कामावर घेतलं नाही आणि व्हिसा गेला. एअरपोर्टवर सोडायला मीच गेले. मुलीचे डोळे रडून सुजले होते. चेक-इनच्या रांगेत ती म्हणाली, "बट बाबा, गव्हर्नर जिंकला ना. सो व्हाय आर वी लीव्हिंग?"

मला भयंकर राग आला होता, कुणावर ते कळत नव्हतं. काकांनी तिच्या पाठीवरची सॅक काढली. मग ती आपल्या खांद्याला अडकवली.

"बाबांनी नीट वाचलं नाही, बेटा," ते म्हणाले.